सिडनीचा मासळी बाजार आणि उलटे चालणारे घड्याळ

मंडळातल्या अनेक घरांतली मुले आता ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. ऑपेरा हाउस, हार्बर ब्रिज, ब्लू माउंटन्स, एखादी फेरी बोटीची सफर. घर मासे खाणारे असेल तर या यादीत आणखी एक ठिकाण येते, ते म्हणजे सिडनीचा मासळी बाजार. बहुतेक जण तिथे दुपारी जातात, काचेमागची मासळी बघतात, बाहेरच्या बाकावर बसून तळलेले मासे आणि बटाट्याचे काप खातात, पेलिकन पक्ष्यांबरोबर फोटो काढतात आणि परत येतात. आम्हीही पहिल्या खेपेला तेच केले.

दुसऱ्या खेपेला जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही बँकेतले. तुम्हाला पहाटेचा लिलाव बघायला आवडेल." त्या पहाटे जे पाहिले ते मंडळाच्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेख. त्यात मासळी आहे, पण मुख्य विषय आहे भाव कसा ठरतो हा.

बाजाराची थोडी ओळख

सिडनीच्या मध्यवर्ती भागापासून अगदी जवळ, पश्चिमेला ब्लॅकवॉटल बे नावाची छोटी खाडी आहे. मोठा अँझॅक पूल तिथून समोर दिसतो. शहरातला मासळीचा घाऊक व्यापार पूर्वी हेमार्केट भागात होता. १९४५ पासून न्यू साउथ वेल्सच्या सरकारने तो आपल्या नियंत्रणाखाली घेतला आणि १९६६ मध्ये बाजार या खाडीकाठी आला. १९८९ मध्ये ओरडून बोली लावण्याची जुनी पद्धत जाऊन संगणकावरचा लिलाव सुरू झाला. १९९४ मध्ये सरकारने बाजार चालवायचे सोडले आणि त्याचे खाजगीकरण झाले. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा यायचे आहे.

आम्ही गेलो तेव्हा बाजार जुन्या इमारतीत होता. जानेवारी २०२६ पासून तो त्याच खाडीवर, शेजारी बांधलेल्या नव्या मोठ्या इमारतीत गेला आहे. तिचा लाटेसारखा पसरलेला छताचा आराखडा डेन्मार्कच्या थ्री-एक्स-एन या वास्तुरचनाकारांचा आहे. जागा बदलली, तरी लिलावाचे तत्त्व तेच आहे.

मासे आले ट्रकने

जून महिना होता, म्हणजे तिकडचा हिवाळा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आम्ही पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता आणि आत मात्र लख्ख दिवे लागलेले होते. माझी कल्पना अशी की पाण्याकाठचा बाजार म्हणजे समोर होड्या लागतील, टोपल्या उतरतील. तसे फारसे काही नव्हते. बहुतेक मासळी रात्रभर ट्रकमधून येते. न्यू साउथ वेल्सचा किनारा लांबच लांब आहे. त्यावरच्या लहान लहान बंदरांतून, इतर राज्यांतून आणि न्यूझीलंडहूनही बर्फात भरलेल्या प्लॅस्टिकच्या पेट्या येतात. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी असते: मासा कोणता, वजन किती, पाठवणारा कोण.

लिलावापूर्वी खरेदीदार त्या पेट्यांमधून फिरत होते. कोणी कल्ले उघडून बघतो, कोणी डोळा चमकतो का ते पाहतो, कोणी बोटाने मांस दाबून बघतो. ही परीक्षा आपल्या घरातल्या कोणाही आजीला नवी नाही. फरक इतकाच की तिथे घासाघीस नव्हती. बघून झाले की वहीत खूण करून माणूस गप्प पुढे जात होता.

पेट्यांत ओळखीचे चेहरे पुष्कळ भेटले. आमचे घराणे मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने बडोद्याला आलेले. त्यामुळे जिताडा म्हटले की घरात सगळ्यांचे कान टवकारतात. ऑस्ट्रेलियात ज्याची बार्रामुंडी म्हणून एवढी वाखाणणी होते तो आपला जिताडाच, गोव्यातला चोणक. तिकडे स्पॅनिश मॅकरेल म्हणतात ती आपली सुरमई. काळपट हिरव्या मोठ्या चिंबोऱ्या नांग्या दोरीने बांधून जिवंत ठेवलेल्या होत्या. कोळंबीचे तर कितीतरी प्रकार. कालवे शिंपल्यांसकट होती आणि शेवंडाचा एक चपटा, रुंद डोक्याचा भाऊबंदही होता. त्याला तिथे बाल्मेन बग म्हणतात.

उलटे घड्याळ

साडेपाचला लिलाव सुरू झाला. आपल्याकडच्या कोणत्याही बंदरावरचा लिलाव ज्यांनी ऐकला आहे त्यांना तिथली शांतता आधी खटकेल. नाट्यगृहासारख्या चढत्या पायऱ्यांवर खरेदीदार बसलेले, प्रत्येकासमोर एक छोटे यंत्र आणि त्यावर बटण. समोरच्या भिंतीवर मोठे पडदे. पडद्यावर घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळ आणि त्यात किलोचा भाव. एकाच वेळी एकाहून अधिक तबकड्या चालू असतात, कारण माल वेगवेगळा असतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला माहीत असलेल्या लिलावात भाव खालून वर चढतो. इथे तो वरून खाली येतो. अपेक्षित भावापेक्षा किलोमागे दोन-तीन डॉलर चढा आकडा लावून तबकडी सुरू होते आणि आकडा सेकंदासेकंदाला उतरत जातो. ज्याला वाटते की या भावाला घ्यायला हरकत नाही, तो बटण दाबतो. सगळ्यात आधी ज्याने दाबले, माल त्याचा, आणि त्या क्षणी जो आकडा होता तोच भाव. त्या मालाच्या दहा पेट्या असतील आणि त्याला तीनच हव्या असतील तर तो तीन घेतो. मग आकडा थोडा वर जाऊन उरलेल्या सात पेट्यांसाठी पुन्हा उतरू लागतो. "एक वार, दोन वार, तीन वार" हा प्रकारच नाही. एक बटण म्हणजे एक सौदा.

याला डच लिलाव म्हणतात. हॉलंडमध्ये ब्रूक ऑप लांगेडाइक नावाच्या गावी भाजीपाला १८८७ पासून असा विकला जाऊ लागला. पुढे तिथली फुलांची प्रचंड विक्रीही याच पद्धतीने होऊ लागली. भाजी, फुले, मासळी या तिन्हींत साम्य एकच. माल थांबत नाही. दर तासाला त्याची किंमत घटत असते. चढत्या लिलावात एका पेटीला दहा-वीस बोल्या लागू शकतात, उतरत्या लिलावात एकच. शेकडो सौदे सकाळी काही तासांत उरकायचे असतील तर याहून सोपा मार्ग नाही.

बंद पाकीट आणि उघडे घड्याळ

वेगाचे कारण लगेच पटते. पण मला दुसरा प्रश्न पडला, जो बँकेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला पडेल. विकणाऱ्याला यात जास्त मिळते की कमी?

आम्ही थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी जप्त मालमत्तेचे लिलाव करत असू. राखीव किंमत ठरवायची आणि बोली वर चढवायची. कधी बंद पाकिटात निविदा मागवायच्या. या दोन पद्धती वेगळ्या आहेत एवढेच आम्हाला ठाऊक होते. सिडनीहून परतल्यावर थोडे वाचले, तेव्हा कळले की कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्येच हा हिशेब मांडला होता. याच प्रकारच्या कामासाठी त्यांना १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि पुरस्कार जाहीर झाल्यावर तीनच दिवसांत ते वारले.

त्यांचे म्हणणे उदाहरणाने सांगतो. समजा एका पेटीतल्या मासळीला किलोमागे अण्णा ३० डॉलर द्यायला तयार आहेत, भाऊ २८ आणि तात्या २५. चढत्या लिलावात २५ च्या वर तात्या गप्प बसतात आणि २८ च्या वर भाऊ. अण्णांना माल २८ च्या किंचित वर मिळतो. म्हणजे भाव खरे तर दुसऱ्या क्रमांकाचा माणूस ठरवतो. उतरत्या लिलावात अण्णांना भाऊंच्या मनातला आकडा माहीत नसतो. थांबावे तर माल जाईल आणि लगेच दाबावे तर जास्त पैसे जातील. बंद पाकिटात निविदा भरताना आपली जी अवस्था होते तीच ही अवस्था. म्हणून विक्री यांनी दाखवले की बंद पाकीट आणि उतरते घड्याळ, दिसायला कितीही वेगळी असली तरी, खेळणाऱ्याच्या दृष्टीने एकच आहेत.

आणि विकणाऱ्याचे काय? काही गृहीतके धरली तर सरासरीने त्याला दोन्ही पद्धतींत सारखेच पैसे मिळतात. हे वाचून मी थोडा निराश झालो. पण त्या गृहीतकांतले एक असे की खरेदीदारांनी आपापसात संगनमत केलेले नाही. हे आपल्या अनुभवात किती वेळा खरे असते?

चहा एकत्र पिणारे पाच जण

नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका शाखेत तारण सोन्याचा लिलाव होता. पाच सराफ आले. लिलावाआधी समोरच्या टपरीवर पाचही जण एकत्र चहा प्यायले. लिलाव सुरू झाला आणि प्रत्येक नगाची बोली राखीव किमतीच्या थोडी वर जाऊन थांबली. दर वेळी वेगळ्या सराफाच्या नावावर. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते, मला आक्षेप घ्यायला जागा नव्हती. पण ज्यांचे दागिने होते त्यांच्या हाती उरलेली रक्कम किती कमी पडली हे खतावणीत दिसत होते.

असे कट चढत्या लिलावात टिकतात, कारण तिथे फितुरी लगेच दिसते. ठरलेले मोडून तात्यांनी बोली वाढवली तर अण्णा लगेच तिच्यावर बोली लावतील. तात्यांना माल मिळणार नाही, वर वैर येईल. त्यामुळे सगळे शब्द पाळतात. उतरत्या घड्याळात चित्र बदलते. पाच जणांनी ठरवले की अण्णांनी १५ डॉलरला दाबायचे आणि बाकीच्यांनी गप्प बसायचे. आकडा १६ वर आला असताना तात्यांनी बटण दाबले तर सौदा संपला. अण्णांना उत्तर द्यायला सेकंदही मिळत नाही. ही भीती प्रत्येकाला असते, म्हणून कट करणाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास उरत नाही. संगनमत अशक्य होते असे नाही, पण अवघड नक्की होते.

आपल्याकडेही हा झगडा जुना आहे. शेतमालाच्या बाजारात हत्ता पद्धत होती. रुमालाखाली व्यापारी अडत्याची बोटे दाबून भाव सांगायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो याचसाठी. सिडनीतल्या भिंतीवरचा तो मोठा आकडा म्हणजे रुमाल काढून टाकल्यासारखे आहे. दूरच्या गावातल्या ज्या मच्छीमाराने रात्री पेटी पाठवली, तो तिथे हजर नसतो. पण त्याचा माल कितीला गेला हे सगळ्यांच्या देखत ठरते आणि नोंदले जाते.

घड्याळाने न सुटणारा प्रश्न

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. हे घड्याळ आणून आपल्या बंदरांवर बसवले की मच्छीमाराचे भले होईल, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण माझी काही वर्षे सौराष्ट्र किनाऱ्यावरच्या एका शाखेत गेली. होड्यांच्या कर्जाचे कागद माझ्या टेबलावरून जात. तिथला एक होडीमालक हप्ता थकवून माझ्यासमोर बसला होता. मी विचारले, मासळी तर चांगली मिळाली, मग पैसे कुठे गेले? तो म्हणाला, "साहेब, भाव बंदरावर ठरत नाही, वहीत ठरतो."

त्याचा अर्थ समजायला मला वेळ लागला. हंगामाच्या सुरुवातीला डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांची उचल यांसाठी व्यापारी आगाऊ रक्कम देतो. बदल्यात वर्षभराची मासळी त्यालाच द्यायची आणि भाव तो म्हणेल तो. अशा माणसाची पेटी लिलावापर्यंत पोचतच नाही. आमचे कर्ज होडीसाठी होते. रोजच्या खर्चासाठी जे भांडवल लागते ते आम्ही वेळेवर देत नव्हतो आणि व्यापारी रात्री दोन वाजताही देत होता. यात एकट्या व्यापाऱ्याला दोष देऊन चालणार नाही. आमचाही वाटा होता. त्याच्या खात्यावर मी थकबाकीचा शेरा मारला, तो नियमाने बरोबरच होता, पण आज तो शेरा मला पुरेसा वाटत नाही.

म्हणून सिडनीच्या बाजाराबद्दलची जी गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो होतो ती महत्त्वाची. १९९४ मध्ये सरकार बाहेर पडले तेव्हा बाजार चालवणाऱ्या कंपनीची अर्धी मालकी मच्छीमारांच्या न्यासाकडे आणि अर्धी तिथल्या गाळेधारक व्यापाऱ्यांकडे आली. विकणारे आणि घेणारे दोघेही निम्मे-निम्मे मालक. घड्याळ कोणत्या नियमाने चालणार यात पकडणाऱ्यालाही मत आहे. माझ्या मते तो बाजार विश्वासाने चालण्यात घड्याळाइतकाच या वाटणीचा हात आहे. यंत्र विकत आणता येते, पण ही वाटणी आधी ठरवावी लागते.

जाणार असाल तर

लिलाव कामाच्या दिवशी पहाटे असतो, शनिवार-रविवारी जाऊन तो दिसणार नाही. लिलावाच्या जागी शिरायचे तर मार्गदर्शकासह असलेली फेरी आधी आरक्षित करा. वेळा आणि नियम जाण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहून घ्या. पायांत पूर्ण बंद बूट हवेत, चपला-सँडल चालत नाहीत. जमीन ओली असते आणि पेट्या ओढणारी वाहने वेगाने फिरतात. ती माणसे कामावर आहेत आणि आपण पाहुणे आहोत, हे ध्यानात ठेवून कडेला उभे राहावे.

मध्य सिडनीहून लाइट रेलने जाता येते. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या थांब्याचे नावच फिश मार्केट होते. डिसेंबरात असाल तर २३ आणि २४ तारखांना सावध राहा. नाताळ तिकडे भर उन्हाळ्यात येतो आणि त्या जेवणात कोळंबी आणि कालवे लागतातच. त्यासाठी बाजार सलग ३६ तास उघडा असतो. गंमत बघायची असेल तर जा, खरेदी करायची असेल तर दुसरा दिवस निवडा.

विकत घेताना पाटी वाचा. कच्च्या मासळीवर ती कोणत्या देशाची हे लिहिणे दुकानदाराला बंधनकारक आहे. बार्रामुंडी ऑस्ट्रेलियाची म्हणून घ्याल आणि ती आशियातून आलेली निघेल असे होऊ शकते, पण पाटी खोटे बोलत नाही. मासा साफ करून, तुकडे करून देतात. "मुंडके ठेवा" असे मात्र सांगावे लागते, नाहीतर आमटीचा जीवच गेला. आणि एक सूचना: इथून सोडे, सुकट किंवा घरचा मसाला नेत असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर तो जाहीर करा. न सांगता नेले आणि सापडले तर दंड जबर असतो.

त्या दिवशी आम्ही एक जिताडा घेतला. सौ.ने तिकडच्या स्वयंपाकघरात नारळाच्या डबाबंद दुधात, चिंच लावून कालवण केले. नातवाने काटे मोजत खाल्ले आणि विचारले, "आजोबा, हा कोणी पकडला?" पेटीवरची चिठ्ठी दुकानापर्यंत येत नाही, त्यामुळे नाव सांगता आले नाही. पण त्याने पकडलेल्या माशाचा भाव कसा ठरला असेल ते मी त्याला टेबलावर बशी फिरवून दाखवले. आकडा वरून खाली आणतो आहे, पाहिजे तेव्हा हात मार. त्याने फार लवकर हात मारला आणि शेवटचा तुकडा चढ्या भावाने घेतला.